पाकिटावरचं शीत

देवबागच्या मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मी चार वर्षं काढली, पण त्या रविवारी फुटला तसा घाम कधी फुटला नव्हता.

सोसायटीला सीझनभर बर्फ पुरवणारा हवा होता. मागच्या वर्षी बर्फ वेळेवर आला नाही आणि टोपल्याच्या टोपल्या मासळी कुजली. म्हणून या खेपेस बंद पाकिटातून दरपत्रकं मागवायची, असा हट्ट मीच धरला. "ओळखीपाळखीचा कारभार बंद," असंही छाती पुढे काढून मीच सांगितलं. तीन पाकिटं आली. सोसायटीच्या कपाटाचं कुलूप मोडलेलं, त्यामुळे ती येतील तशी माझ्या घरी, देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली; पहिली दोन आठ दिवस तिथेच होती. शेवटच्या दिवशी आलेलं तिसरं माझ्या मेव्हण्याचं, यतीनचं. बर्फाच्या भरवशावर नवा टेम्पो घेऊन बसला होता तो.

शाळेच्या वर्गात सभा भरली. पुढे पुरुष, मागे मासे विकणाऱ्या बायका, त्यांत माझी बायको पार्वती. अध्यक्ष हरिश्चंद्र यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं आणि म्हणाले, "फोड रे सत्यवान."

पहिलं पाकीट मालवणचं. बर्फाच्या लादीला पंचेचाळीस रुपये. दुसरं यतीनचं. एकोणचाळीस. तिसरं कुडाळच्या कारखान्याचं, वर छापील नाव, टाईप केलेला पत्ता. ते फाडायला गेलो आणि झाकणाखाली बोटाला काहीतरी खडबडीत लागलं. वाळलेलं शीत. उकड्या तांदळाचं, लालसर.

आमच्या घरात पाकिटाला गोंद कधी लागलाच नाही, ताटातलं शीत पुरतं. पण कारखान्यातला साहेब शितानं पाकीट चिकटवेल होय? आतला आकडा मला न बघताच कळला.

"बोल मरे!" हरिश्चंद्र ओरडले.

"चाळीस."

"म्हणजे यतीन!" टाळ्या पडल्या. यतीन लहान पोरासारखा हसत होता. पाकिटाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. चुरगाळून खिशात घातलं असतं तर संपलं असतं. मला यतीनचा राग आला, पार्वतीचा आला, आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या पुढे काढलेल्या छातीचा.

"थांबा," मी म्हणालो. "हे पाकीट माझ्या घरात फोडून परत चिकटवलेलं आहे. ही दरपत्रकं रद्द धरा आणि नवी मागवा."



"कोणी फोडल्यान?" हरिश्चंद्रांनी विचारलं.

"मी."

"खोटा सांगतत ते."

पार्वती उभी राहिली होती. "ह्येंका कायएक म्हायत नाय. भाताच्या वाफेर पाकीट मी उघडलंय. यतीनाक आकडो मीच सांगितलंय. भावाचो टेम्पो दारात उभो माका बघवना."

यतीनचं हसू गेलं. बायका तिच्यापासून हळूच सरकून बसल्या. चार वर्षांचं माझं नाव पाण्यात गेलं होतं, आणि ते तिनं घालवलं होतं. तरीही ती तिथे एकटी उभी होती, ते मला सोसेना.

पाकीट टेबलावर ठेवलं, आणि मागे जाऊन तिच्या शेजारी उभा राहिलो.