वळणावरचा बिनतारी डबा

मित्रांनो, मी एक जुना बिनतारी डबा आहे. माझं बोलणं तुमच्यापर्यंत पोचेल की नाही, याची मला खात्री नाही.

बोगदा खोदताना सुरुंगांनी तारा तुटत, म्हणून आम्हाला भिंतींवर टांगलं गेलं. आतल्या डब्याने निरोप द्यायचा, शेजाऱ्याने तो ऐकून पुढे धाडायचा, असा तो बाहेर पोचे. मी वळणावर होतो, त्यामुळे माझ्यावरून वाट सर्वांत जवळची. शेजारच्या आडभुयारातही डबे होते. पण तो वळसा लांबचा, म्हणून तिकडून निरोप जातच नसत.

हजेरी, पंपाची तक्रार, जेवण कुठवर आलं याची चौकशी, सगळं माझ्याच गळ्यात. इंजिनिअर बाई पाहुण्यांना कौतुकाने मला दाखवत. मीही फुशारून जाई. आत बॅटरी मात्र खंगत होती आणि ते सांगायची सोय माझ्यात नव्हती.

एका दुपारी खडकातून पाणी फुटलं. धोक्याचा निरोप माझ्यापर्यंत आला आणि माझा आवाजच निघेना. बाहेर भोंगा वाजला नाही. आम्हाला टांगणाऱ्या वायरमनचा मेव्हणा आत होता. सोबत्यांनी त्याला छातीभर पाण्यातून उचलून आणलं. पाय चिरडला होता.

वायरमनने मला खिळ्यावरून ओरबाडून काढलं. "कामचुकार मेला. भंगारात घालतो याला."

बाई माझी बॅटरी हातात घेऊन बसल्या होत्या. "चूक याची नाही, दादा. जवळ आहे म्हणून सगळं याच्याच अंगावर टाकलं मी. किती उरलंय, ते कधी विचारलंच नाही."

"माझ्या बहिणीला सांगा हे," तो म्हणाला.

मग बाईंनी आमची रीत बदलली. आता प्रत्येक डबा आपल्यात किती दम उरलाय ते शेजाऱ्यांना सांगतो, आणि निरोप दमदार डब्यांची वाट धरतो. धोक्याचा निरोप आला की बाकीची बडबड थांबते. पारखायला वायरमन स्वतः आत जाऊन धोक्याची कळ दाबून आला. मी पुन्हा वळणावर होतो, पण थकलो होतो, आणि तसं शेजाऱ्यांना सांगितलं होतं. निरोप आडभुयारातून गेला आणि भोंगा वाजला. त्याने मान हलवली, पण हसला नाही. मेव्हण्याचा पाय काही सरळ झाला नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात हाकेसरशी धावून येणारं कुणी असेल. कामं सांगण्याआधी त्याला विचारा, अजून किती दम आहे. आणि तो थकलोय म्हणाला, तर लांबच्या वाटेने जा.