छतावरचा बूस्टर

ताईने आठवड्यापूर्वी उपग्रहाची चित्रं उतरवणाऱ्या केंद्राच्या छतावर मोबाइलचा सिग्नल वाढवणारा बूस्टर बसवला, तेव्हा साहेब म्हणाले होते, "उपग्रहाच्या डिशशेजारी? बघ हं, नसती आफत नको." पण इथे नेटवर्कच्या नावाने शंख! आणि तिचा धाकटा भाऊ, घरात सगळ्यांचा ढब्बू, वणवा विझवणाऱ्या गाडीवर. त्याचा आवाज ऐकल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

आज मात्र तोच आवाज ऐकून ती खुर्चीतून ताडकन उठली.

"ताई, वायरलेस मुका झालाय, धुरात स्वतःचा हात दिसत नाही! पुढे दोन फाटे आहेत. टेकडीचा घेऊ की ओढ्याचा? तुझा उपग्रह काय म्हणतो?"

उपग्रह डोक्यावर आला होता. काही मिनिटांत क्षितिजाआड जाणार. आणि पडद्यावर जंगलाऐवजी नुसत्या काळ्या पट्ट्या!

"डिश बरोबर फिरतेय," साहेब घाम पुसत म्हणाले. "कोणीतरी आपल्या फ्रिक्वेन्सीजवळ बोंबलतंय. अगदी शेजारून."

ताईने वर छताकडे पाहिलं. उपग्रहाचा सिग्नल म्हणजे शेकडो किलोमीटरवरून आलेली कुजबुज, आणि तिचा स्वस्तातला बूस्टर आज बिथरून डिशच्या कानाशी गळा काढून बसलेला.

तो बंद केला तर चित्र मिळेल. पण ढब्बू तुटेल.

"ढब्बू, आहेस तिथेच थांब. फोन कटेल. मी परत लावते."

"ठेवू नकोस गं! इथे झाडं पेटतायत!"

"माझ्यावर भरवसा आहे ना?"

"नाही," तो खोकत म्हणाला, "पण दुसरी बहीण कुठून आणू?"

तिने डोळे मिटून प्लग उपटला.

पट्ट्या विरल्या. चित्र ओळीओळीने उतरू लागलं, गोगलगाईच्या चालीनं. टेकडीच्या वाटेवर आगीच्या लालभडक ठिपक्यांची रांगच रांग. ओढ्याकाठ मोकळा.

तिने प्लग खुपसला, नंबर लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. तेच. साहेब तिच्याकडे बघायचं टाळत होते. तिसऱ्यांदा रिंग गेली आणि नुसती वाजत राहिली.

मग खोकला. फक्त खोकला.

"ओढ्याकडे वळ! ऐकतोयस का? ओढ्याकडे!"

पलीकडे इंजिन घरघरलं. फोन कानात रुतवून ती ऐकत राहिली, चाकांखाली पाणी उडाल्याचा आवाज येईपर्यंत.