दोन खळ्यांचा दगड

दगड व्हाळात मीच फेकला होता, मागच्या मे महिन्यात. आई भाजलेले काजू फोडत बसली होती आणि फोडता फोडता म्हणाली, "नववी तरी पुरी केली असतीस तर..." पुढचं मी ऐकलंच नाही. तिच्या पुढ्यातला दगड उचलला आणि घरामागच्या व्हाळात भिरकावला. पावसाळ्यात व्हाळाला पूर आला, काठ कोसळला, दगड गेला.

साधा दगड नव्हता तो. मधोमध खळी होती. काजू त्या खळीत उभा राहायचा, आई वरून लाकडाचा एक टोला द्यायची आणि गर अख्खा बाहेर. आईसारखे अख्खे गर आमच्या सगळ्या लाटंबार्शे गावात कोणाचे निघत नाहीत. निघत नव्हते, असं म्हणायला हवं.

तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही. जे सांगायचं ते कोंबडीला सांगते. "कोणाक जेवूक जाय जाल्यार पेज वाढून घेव म्हणां." यंदा मार्चपर्यंत तिने चार दगड बदलले. काजू निसटतो, टोला अंगठ्यावर बसतो. नख काळं झालंय. ती कण्हते तेसुद्धा कोंबडीकडे बघून. मला तो दगड परत हवा होता. तोच.

आणि तो मला सापडला टेबलावर.

पणजीहून काही माणसं व्हाळाच्या काठाला खणायला आली होती, जुन्या काळच्या माणसांची दगडी हत्यारं शोधायला. शेजारचे भिकाजीमामा त्यांच्याकडे माती काढायचं काम करत होते. मी नुसती बघायला गेले, तर ताडपत्रीखाली आमचा दगड. धुतलेला, अंगावर सत्तेचाळीस नंबर.

"हा आमचा," मी म्हटलं.

टेबलामागे तनया होती. कॉलेजातली, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, डोक्यावर टोपी. हसली. "तुमचा? अगं, हा हजारो वर्षांपूर्वीचा असू शकतो. अशा खळीत ठेवून ती माणसं कठीण फळं फोडायची. हात, डोळा, नेम, सगळं एकत्र वापरायला शिकत शिकत तर माणूस माणूस झाला."

"मग माझी आई केव्हाच झालीय. दगड दे."

"मॅडम, ह्या चेडवाच्या नादाक लागू नकात," भिकाजीमामा खड्ड्यातून ओरडले. "शाळेत मास्तरांकय सोडूक नाय हिणां."

मी दगडावर झडपच घालणार होते. पण तेवढ्यात तनयाची बोटं दिसली. टोकं काळी पडलेली, साल निघालेली.

"बोटांना काय झालं?"

"काही नाही. ऊन, माती. ॲलर्जी असेल."

"दगड कोणी धुतला?"

"मीच. दोन दिवस ब्रशने घासत होते."

"हातमोजे?"

"घातले होते. ब्रश नीट धरता येईना म्हणून काढले."

मी माझा अंगठा तिच्या बोटांशेजारी ठेवला. तेच काळं, तेच सोललेलं. "काजूच्या सालीचं तेल. दर वर्षी आमची बोटं अशीच सोलतात. खळीतलं काळं आहे ना, ते हजारो वर्षांचं नाही. मागच्या वर्षी भाजलेल्या काजूंचं आहे."

त्यांचे मोठे सर, सुदेश सर, आले. भिंगातून बघितलं, दगड हुंगला. "बरोबर आहे हिचं," ते म्हणाले. "आणि काजू तर पाखल्यांनी, म्हणजे पोर्तुगिजांनी आणला. पाचशे वर्षांपूर्वी इथे कोणी काजू बघितलेलाही नव्हता."

तनयाने वही मिटली. त्या दगडाचं चित्र काढलं होतं तिने, प्रत्येक ओरखड्यासकट. मला थोडं वाईट वाटलं. थोडंच.

मी दगड दोन्ही हातांनी उचलला तर तो हातात फिरला. खालच्या बाजूलाही खळी होती. वरच्यापेक्षा खोल, अख्खा अंगठा बुडेल एवढी. आणि काळी नाही. आत तांबडी खपली, दगडासारखीच घट्ट. ही बाजू मी जन्मात बघितली नव्हती. आईच्या पुढ्यात ती कायम खालीच असायची.

सरांनी नखाने खरवडलं. खपली हलली नाही. "घरी कोणाला माहीत असेल?"

आईला होतं. "माझ्या सासूक व्हाळात गावलेलो तो," ती सरांना म्हणाली. "दोनय खळयो होत्योच. आमी एकय पाडूंक ना. बरी बाजू वयर ठेवली, इतलांच."

तनयाने वही पुन्हा उघडली.

"म्हणजे तुम्ही फक्त शेवटचे वापरणारे," सर म्हणाले. "पहिले कोण, ते पणजीला नेऊन तपासावं लागेल. पण मला एक कळत नाही. एका दगडाला दोन खळ्या कशाला? एक पुरे होती."

"पणजेक व्हरा," आई म्हणाली आणि कोंबडीकडे वळली. "कोणे तरी शेवटूनच दिल्लो तो." शेवटून म्हणजे फेकून, आणि कोणी ते कोंबडीलाही माहीत होतं.

दगड गेला. मग मी ठरवलं, नवीन करायचा. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाला जमलं तर मला का नाही?

व्हाळातून तसाच दगड निवडला आणि गारगोटीने ठोकायला बसले. तनया वही घेऊन समोर. ठोके मोजत होती. पहिला दगड उभा फुटला.

"रागाने मारतेस," ती म्हणाली.

"तू मार मग."

तिने मारलं. बोटावर. नंतर ती पुन्हा ठोके मोजायला बसली.

दुसऱ्याची कड उडाली. तिसऱ्याला समजलं की जोर लागतच नाही. हलकं मारायचं, सरळ मारायचं, आणि त्याच जागेवर. चार दिवस लागले. खळी अशी सुंदर गोल आली की मला थांबवेना. अंगठा बुडेपर्यंत ठोकली.

पाचव्या दिवशी दगड आईपुढे ठेवला. तनया वही घेऊन बघायला आलीच होती. तिने काजू उभा केला. तो खळीत पार खाली गेला. टोला दगडाच्या कडेवर बसला. दुसरा जोरात दिला, तर गराचा भुगा. तिसऱ्या काजूचंही तेच.

माझे कान तापले. दगड उचलला. व्हाळ समोरच होता.

आईने मनगट धरलं. दगड काढून घेतला, खळीत बोट फिरवलं, आणि दहा महिन्यांनी पहिल्यांदा कोंबडीकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"खोल जाली गो सेजल. दगड बरो आसा. शेवटूं नाका." तिने दगड उलटा केला. "परत कर. ह्या बाजूक. उथळ."

तनयाचं पेन थांबलं. ती दगडाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. पण माझ्या आधीच लक्षात आलं होतं.

"लिही," मी म्हटलं. "सत्तेचाळीस नंबर. तिथेही पहिली खळी खोल झाली. आईने परत करायला लावली."

"आईने, असं कसं लिहू? पुरावा काय?"

"मग आजीने लिही."

मी गारगोटी उचलली. आईने पायाने कोंबडीला ढकललं. "सर गो. तिका बसूंक दी."