खांद्यावरची माती

मित्रांनो, मी एक जुना दगडी पूल आहे, आणि माझ्यावरून आता कोणी जात नाही.

हाकेच्या अंतरावर नवा पूल झाला आणि माझी वर्दळ एका सकाळीत आटली. तो देखणा आहे, हे कबूल करतो. त्याचं ओझं जाड तारा वर ओढून धरतात. तारांतून ते उंच खांबांवर जातं, खांबांतून जमिनीत. पलीकडच्या ओढ्यावर टाकलेल्या फळीची तऱ्हा निराळी. ती बिचारी मधोमध वाकते, वरून दबते, खालून ताणली जाते. मला ताण अजिबात सोसत नाही. माझ्या कमानीतला एक दगड दुसऱ्याला रेटतो, दुसरा तिसऱ्याला, आणि असं करत ओझं दोन्ही काठांत उतरतं. कमानीच्या दोन्ही खांद्यांवर माती भरलेली आहे. तिच्या वजनानेच दगड जागच्या जागी राहतात.

कितीतरी वर्षं ट्रक, बस, सायकली, सगळं मी पेललं. लोक म्हणायचे, "पूल असावा तर असा." मग हळूहळू कौतुकही थांबलं. पुढे पुढे आठवड्यातून एखादा माणूस चुकून आला, तर त्याची पावलं संपूच नयेत असं वाटायचं.

मग एके दिवशी माझ्या दुरुस्तीला माणसं आली. त्यांचा मुकादम मनाने चांगला होता. माझ्या कठड्यावर हात ठेवून तो म्हणाला, "थकलाय हो हा. जरा ओझं हलकं करू याचं. माझे बाबा सुतार. त्यांची हत्यारं मीच उचलून ठेवली. म्हटलं, बसा आता निवांत."

"मग?" एका कामगाराने विचारलं.

"मग काय, बसलेत. बोलत नाहीत फारसं."

दोन दिवस त्यांनी माझ्या डाव्या खांद्यावरची माती उपसली. उजवीकडचा भार तसाच राहिला. मी उजवीकडे दबू लागलो, डावीकडे उचलला जाऊ लागलो, आणि दगडांत बोटभर फट पडली. खरं सांगतो, मी फार घाबरलो. ओरडायची सोय नव्हती.

तिसऱ्या दिवशी इंजिनिअरबाई आल्या. फट पाहून त्यांनी काम थांबवलं.

"अहो, ओझं आहे म्हणून उभा आहे हा. खालून लाकडी आधार द्या, मग माती परत भरा, दोन्हीकडे सारखी. कमानीचं काम जाणणारा सुतार मिळेल?"

मुकादमाने हातातलं फावडं खाली ठेवलं. मग म्हणाला, "आहे एक. घरीच आहे."

चौथ्या दिवशी त्याचे वडील आले. काठी टेकत आले, पण करवत हातात येताच काठी बाजूला पडली. माझ्या पोटाखाली उभं राहून त्यांनी वर फटीकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"कुणी शिकवलं रे तुला हे शहाणपण?"

"चुकलं बाबा."

"मला विचारायचं होतंस."

आधार उभा राहिला, माती भरली. आता आधाराखालच्या पाचरी ठोकून काढायच्या होत्या, म्हणजे आधार सुटणार होता. मी तोल सावरला नसता, तर थेट खाली असलेल्या माणसावर कोसळलो असतो. मुकादम म्हणाला, "बाबा, तुम्ही बाहेर या, मी काढतो." म्हातारबुवा हलले नाहीत. एक पाचर, दुसरी, तिसरी. शेवटची निघाली तेव्हा माझा दगड न् दगड शेजाऱ्याला घट्ट भिडला. मी उभा राहिलो. मुकादमाने वडिलांची हत्यारांची पेटी उचलायला हात पुढे केला आणि मागे घेतला. त्यांनी ती स्वतःच उचलली.

ते आता दुसऱ्या कामावर आहेत, असं ऐकलं. मला बरं वाटतं, आणि त्यांची आठवणही येते.

दुरुस्तीनंतर मला जपायचं म्हणून दोन्ही टोकांना जाळी लावून कुलूप घातलं आहे. मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जपा, पण जपायचं म्हणून त्यांच्या हातातलं काम काढून घेऊ नका. आणि मोठ्यांना सांगून माझं कुलूप तेवढं उघडायला लावा. मग या, सगळे एकदम या. मला पेलतं.