टंगस्टननंतरचं शिसं

“ताई, एवढं नजरेखालून घाला ना. उद्या सगळ्यांसमोर फजिती नको,” म्हणत धाकट्या जावेने पाठाचा तक्ता थोरलीच्या मांडीवर पसरला.

दोघी एकाच घरात नांदत होत्या आणि एकाच शाळेत रसायनशास्त्र शिकवत होत्या. दहावीचा वर्ग इतकी वर्षं थोरलीचा. धाकटी रुजू झाली आणि गुळाला मुंग्या लागाव्यात तशी मुलं तिच्याभोवती जमू लागली. घरी सासूबाईंच्या तोंडीही तिचंच नाव. आता मुख्याध्यापिका म्हणत होत्या, उद्याचा पाठ रंगला तर दहावी धाकटीलाच देऊ.

तक्त्यावर पाच धातू होते. ॲल्युमिनियम, लोखंड, तांबं, टंगस्टन आणि शेवटी शिसं. खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, ‘आवर्तसारणीत अणुभार वाढतो, तशी घनताही वाढत जाते.’

थोरलीची नजर शेवटच्या दोन नावांवर अडली. शिशाचा अणू टंगस्टनच्या अणूहून भारी, हे खरं. पण एकाच मापाचे ठोकळे हातात घ्या, जड लागतं ते टंगस्टन. ओठांवर आलेला शब्द तिने गिळला. देवाने वाचा दिली ती दुसऱ्याला सावरायला, हे तिला का ठाऊक नव्हतं? पण मत्सर एकदा मनात ठाण मांडून बसला, की विवेक बिचारा उंबऱ्याबाहेर ताटकळतो.

“छान आहे,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती मुख्याध्यापिकांशेजारी मागच्या बाकावर बसली. पाचही धातूंचे एकाच मापाचे ठोकळे वर्गात हातोहात फिरत होते.

“बाई, शिसं तर टंगस्टनपेक्षा हलकं लागतंय,” एक मुलगी म्हणाली.

“तुझ्या हातातच जीव नाही,” शेजारचा मुलगा म्हणाला. मग त्याने दोन्ही ठोकळे उचलून पाहिले आणि बाईंपुढे धरले.

धाकटीनेही उचलून पाहिले. तिचा चेहरा उतरला. “तुझंच बरोबर. तक्ता चुकलाय माझा. पण असं का, ते मलाही आत्ता सांगता येत नाही. ताई, तुम्ही सांगता?”

थोरली उठली.

“शिशाचे अणू भारी, पण अंगानेही थोराड. ऐसपैस बसतात. टंगस्टनचे थोडे हलके, पण लहानखुरे, एकमेकांना खेटून बसणारे. तेवढ्याच जागेत जास्त मावतात. सारणीत अणुभार बहुतेक चढतच जातो. घनता मात्र आडव्या ओळीत साधारण मधल्या धातूंपर्यंत चढते आणि पुढे उतरते.”

“अनुभव तो अनुभव,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “दहावी तुमच्याकडेच राहू द्या.”

जे हवं होतं ते पदरात पडलं होतं, आणि थोरली धाकटीकडे न पाहताच जागेवर जाऊन बसली.

बसथांब्यावर धाकटीने विचारलं, “काल तक्ता पाहिलात, तेव्हा लक्षात नव्हतं आलं?”

खोटं बोलायला वाट मोकळी होती.

“आलं होतं.”

“मला वाटलं, ताईंनी पाहिलं म्हणजे झालं,” धाकटी म्हणाली, आणि बस येणाऱ्या रस्त्याकडे पाहू लागली.

बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि शेजारच्या जागेवर तिने पिशवी ठेवली. थोरली दांडा धरून उभी राहिली. माणसं चढली, उतरली. कुणी पिशवीकडे बोट दाखवून विचारलं, “इथे कुणी आहे का?”

“आहे,” धाकटी म्हणाली, आणि खिडकीबाहेर पाहतच तिने पिशवी मांडीवर घेतली.

थोरली बसली. अंग चोरून, कडेला.