कोरडं वजन

"उतरा, आणि परत चढा," वेणू सिस्टर म्हणाल्या.

बनूबाई तिसऱ्यांदा काट्यावरून उतरल्या. "अगं बाई, काटा आहे का देऊळ? किती प्रदक्षिणा घालू?"

"चढा हो मुकाट्यानं."

काटा आपल्या शब्दाला जागला. एकसष्ट किलो. गेल्या खेपेला एकसष्ट, त्याआधीही एकसष्टच. दुसरी कुणी नर्स असती तर आकडा लिहून मोकळी झाली असती. वेणू सिस्टर खाली वाकल्या, बनूबाईंच्या नडगीवर अंगठा दाबून धरला, उचलला, आणि पडलेला खळगा भरून यायला किती वेळ लागतो ते बघत बसल्या.

"झोपताना उशा किती घेता? ब्लाउज ढिला होतोय का?"

"उशी एकच. आणि ढिला कसला, घट्ट होतोय. घरात आंबे आलेत, काय करू?"

"आंबे? डायलिसिसवरच्या माणसानं? बनूबाई, मरायचंय का तुम्हाला?"

बोलून गेल्या, आणि पुढचं रागावणं राहूनच गेलं. बनूबाई हसत हसत खाटेकडे निघून गेल्या. वेणू सिस्टर मात्र काट्यापाशी उभ्याच राहिल्या.

उल्हासनगरच्या त्या सेंटरात नफ्यातोट्याचा सगळा मामलाच उलटा. दाराबाहेरच्या बाजारात वाढलं तो नफा, घटलं तो तोटा. दाराच्या आत वजन वाढलं म्हणजे अंगात पाणी साठलं, आणि चार तास मशीनला लावून ते काढलं की माणूस जिंकला. किती किलोवर आणून थांबायचं तो आकडा डॉक्टर ठरवून देत. त्याला म्हणायचं कोरडं वजन, म्हणजे फाजील पाणी नसलेल्या माणसाचं खरं वजन.

हे सगळ्यांत लवकर शिकले ते धोंडिबा. पस्तीस वर्षं त्यांनी इथल्याच एका सिंधी शेठच्या दुकानात कपडा कापला होता. काट्यावर पाय ठेवता ठेवता विचारायचे, "बोला सिस्टर, फायदो की घाटो?" घाटो ऐकलं की गडी खूश.

धोंडिबा जाऊन दीड महिना झाला होता. या दीड महिन्यात काट्यापाशी कुणीही उभं राहिलं की वेणू सिस्टरना तो आवाज यायचा, मागून, अगदी खांद्याजवळून. वळून बघायची हिंमत होत नसे. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता. भूत असतं तर परवडलं असतं, त्याला निदान उतारा तरी असतो!

तेवढ्यात फोन वाजला. धोंडिबांची मुलगी, मैत्रेयी.

"सिस्टर, घरी याल का एकदा? आई पाणी पीत नाही."

"पीत नाही म्हणजे?"

"पप्पांची अर्ध्या लिटरची बाटली होती ना, दिवसाला तेवढंच पिते. मे महिना आहे हो! परवा चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर हिच्याही किडन्या जातील. पण ऐकेल तर शपथ. म्हणते, सिस्टरांचा नियम आहे."

"अगं, तो नियम त्यांच्यापुरता होता!"

"मला माहितीये. पण त्या दुपारी पप्पांनी पाणी मागितलं आणि आईनं तांब्याभर दिलं. संध्याकाळी पप्पा गेले. तिच्या डोक्यात बसलंय, आपणच मारलं. पप्पांच्या जलदानविधीच्या दिवशी वंदना झाली, पाणी ओतायची वेळ आली, तर ही उठून बाहेर गेली. सगळे बघतच राहिले. तुम्ही सांगा ना तिला. तुमचंच ऐकेल ती."

वेणू सिस्टरनी "येते" म्हटलं आणि फोन ठेवला. पण धोंडिबा कशानं गेले ते साऱ्या जगात फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

धोंडिबांचं कोरडं वजन बावन्न. चार महिने माणूस बावन्नावरून ढळला नाही. यायचे साडेत्रेपन्न, जायचे बावन्न. वेणू सिस्टर सगळ्या खाटांना ऐकू जाईल असं सांगायच्या, "शिका जरा धोंडिबांकडून!" रखमा, त्यांची बायको, कोपऱ्यातल्या स्टुलावरून म्हणायची, "सिस्टर, हे वाळत चाललेत हो. पँटीला नाडी बांधून देते मी." आणि वेणू सिस्टर हसून म्हणायच्या, "रखमाताई, काटा खोटं बोलतो का?"

काटा खोटं बोलत नव्हता. त्याला मांस काय आणि पाणी काय, दोन्ही सारखंच. धोंडिबांचं मांस झडत होतं, आणि झडलेल्या मांसाच्या जागी तेवढंच पाणी भरत होतं. त्यांना खोकला लागला, आडवं झालं की धाप लागायची म्हणून एका उशीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. वेणू सिस्टरनी ते ऐकलं आणि उकाड्यावर ढकललं. महिन्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांना 'यांचं कोरडं वजन उतरवा' एवढं सांगायचं काम त्यांचं होतं. एकवीस वर्षांची नोकरी, आणि बावन्नाच्या कौतुकात ते राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. कुळगावहून शेअर रिक्षानं त्या चिखलोलीला उतरल्या. नव्या इमारतीतलं छोटं घर मैत्रेयीनं कर्ज काढून घेतलं होतं. वाटेत त्यांनी वाक्य जुळवून ठेवलं होतं, 'रखमाताई, वेळ आली होती, तुमचा काही दोष नाही.' या वाक्यात खोटं काहीच नव्हतं, आणि नोकरीही शाबूत राहत होती.

रखमानं दार उघडलं. ओठांना चिरा पडलेल्या, डोळे खोल गेलेले. "जय भीम, सिस्टर. या, बसा. ऊन लई हाय," म्हणत तिनं पाण्याचा ग्लास पुढे ठेवला. पाहुण्यासाठी काठोकाठ भरलेला. जुळवून आणलेलं वाक्य तिथंच विरलं.

"रखमाताई, त्या तांब्यानं ते गेले नाहीत."

"उगा समजूत घालू नका. तुम्हीच म्हणायचा, अर्ध्या लिटरच्या वर थेंब नाही."

"म्हणत होते. पण चार-पाच किलो पाणी त्यांच्या अंगात आधीच साठलं होतं. ते वाळतच होते, तुम्ही म्हणत होतात तसे. वाळलेल्या जागी पाणी भरत होतं म्हणून काटा हलत नव्हता. मी नुसता आकडा बघत राहिले. डॉक्टरांना सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही. तुम्ही मला दोनदा बजावलं होतं."

"तीनदा," रखमा म्हणाली.

मैत्रेयी खुर्चीवरून उठली. "सिस्टर, तुम्हाला कळतंय का, काय बोलताय ते?"

"कळतंय. उद्या सेंटरमध्ये लेखी देणार आहे. त्याआधी तुम्हाला सांगायला आले."

भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी धोंडिबांचा फोटो होता. फोटोतले गाल चांगले भरलेले होते. वेणू सिस्टरनी मान वर केली नाही.

"मग मी घोट घोट मोजून देत होते ते कशाला?" रखमाचा आवाज चिरकला. "पाण्यासाठी लहान पोरागत रडायचे हो. मी बर्फाचा खडा द्यायची आन् तोंड फिरवून बसायची."

"ते लागतच होतं. त्यात तुमचं काही चुकलं नाही. त्याच्यामुळेच तीन वर्षं निघाली."

"आन् तो तांब्या?"

"बिघडायचं ते आधीच बिघडलं होतं, ताई."

रखमा खाली बसली, भिंतीला टेकून. "गटागट प्यायले. शर्टावर सांडलं," ती म्हणाली. "म्हटले, रखमे, बरं वाटलं बघ. तीन वर्षांत पयल्यांदा पोटभर प्यायले. आन् मला दीड महिना वाटतंय, मी इख पाजलं." तिनं पदरानं तोंड पुसलं, खसाखसा. मग वेणू सिस्टरकडे सरळ बघितलं. "तुमाला माफ केलं असं समजू नका."

"नाही समजत."

"सांगायला आलात, ते बरं केलंत. पर माफ नाही."

ती भिंतीचा आधार घेत उठली आणि आत गेली. स्वयंपाकघरात माठावरचं झाकण सरकलं. ओगराळं बुडाल्याचा आवाज आला, मग घोटांचा, घाईघाईचा. पुन्हा ओगराळं बुडालं. मग पुन्हा.

"एकदम एवढं..." मैत्रेयी दाराकडे वळली. "तिसरा ग्लास चाललाय तिचा, सिस्टर."

वेणू सिस्टरनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"मोजू नकोस," त्या म्हणाल्या.