हाडाचा संशय

"हाड अडकलंय हो घशात, दुसरं काय असणार!"

खालच्या मजल्यावरचे लिमयेकाका जिन्यात कुणाला तरी सांगत होते, आणि वर आमच्या स्वयंपाकघरात, कारकूनच्या भातावर तूप सोडणारा आत्याचा चमचा हवेतच थांबला. माघातलं ऊन पातळ ताकासारखं ओट्यावर सांडलं होतं. त्या उन्हात तुपाचा एक थेंब चमच्याच्या टोकाशी लोंबत राहिला, आणि खाली कारकून पुन्हा खोकला.

कारकून हा आमचा कुत्रा. रस्त्यावरून रोज दहाच्या सुमारास येई, दिवसभर आत्याच्या खुर्चीखाली झोपे आणि साडेपाचला उठून जाई; म्हणून सरकारी कचेरीत हयात घालवलेल्या आत्याने त्याला हे नाव दिलं. पुढे तो जायचा थांबला, नाव राहिलं. आता चार दिवस तो जुन्या रिक्षाचा भोंगा कुणी हट्टाने दाबावा तसा खोकत होता. शेवटी मान खाली घालून थोडा पांढरा फेस फरशीवर ठेवी, आणि लगेच शेपूट हलवत जेवण मागे.

माझी आत्या म्हणजे माघातली सकाळच होती: कोरडी, स्वच्छ, आणि जवळ जाऊन उभं राहिलं तरच ऊब कळणारी. खळ घातलेल्या तिच्या सुती साडीचा आवाज तिच्याआधी खोलीत येई. तिचा स्वर कधी चढत नसे. उलट राग जसा वाढे तसा तो खाली उतरे आणि शब्द अधिकाधिक आदरार्थी होत जात. 'तू'वरून 'आपण'वर आली की घरातली माणसं आपापली कामं आठवत. चष्मा काढून पदराने पुसू लागली, की निकाल लागलेला असे. पण हीच बाई थंडीत स्वतःच्या स्कार्फच्या उरलेल्या लोकरीतून कुत्र्याला गळपट्टी विणे, आणि ती त्याला घालताना कुणी पाहत नाही ना, हे आधी पाही.

ज्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर थांबतो, त्या घरातल्या कुत्र्याच्या घशात हाड! आत्याने चमचा खाली ठेवला.

मदतीला धावल्या त्या सुमनताई. दहा वर्षं आमच्या पोळ्या लाटत होत्या. लाटणं न थांबवता म्हणाल्या, "बाई, आमच्यात काटा अडकला की कोरड्या भाताचा मोठा घास गिळायला देत्यात. उतरून जातोय बघा."

आत्याने चष्मा काढला.

"हो का? आपला बराच अनुभव दिसतोय."

"अनुभव कसला, बाई? मासा खाल्ला की काटा लागतोयच की."

"आणि उरलेलं कुणाला घालता?"

सुमनताईंचं लाटणं थांबलं. "म्या नाय हो काय दिलं त्याला. देवाशप्पथ."

"कारकून बरा होईपर्यंत आपण आराम करा," आत्या चष्मा पुसत म्हणाली. त्यानंतर तो बरा झाला तरी बोलावणं जाणार नाही, हे आम्हा तिघींनाही कळलं. सुमनताईंनी हात धुतले. दारात चपला घालताना त्यांचा डावा पाय दोनदा चुकला.

चिकन मी देत होते. दर शुक्रवारी, ऑफिसच्या कँटीनमधलं, टिश्यूत गुंडाळून, जिन्याच्या वळणावर. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मी इंग्रजी शाळेत शिकलेली. आत्याशी मराठीत वाद घालण्याइतकी माझी मराठी चालत नव्हती, आणि तिच्याशी इंग्रजीत वाद घालणं म्हणजे तिला आयतीच करमणूक. बोलण्याआधी मी वाक्य मनात तीनदा लिहिते. तेवढ्यात सुमनताई जिना उतरून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कारकूनची श्वासनलिका दोन बोटांनी हलकेच दाबली. भोंगा वाजला.

"हाडबीड काही नाही. एवढ्यात याला कुठे ठेवला होता का?"

ठेवला होता. कोल्हापूरच्या लग्नाला गेलो तेव्हा चार दिवस, लोणी काळभोरच्या बाजूला कुत्र्यांच्या एका पाळणाघरात, आणखी वीसेक जणांबरोबर.

"तिथेच लागला. संसर्गजन्य खोकला आहे. अ‍ॅडिनोव्हायरस असतो, सोबत आणखी एखादा जंतू. कुत्रे एकत्र राहिले की पसरतो. लस दिली होती?"

"रेबीजची दिलीय."

"त्याने हा थांबत नाही. याची लस वेगळी."

"म्हणजे लग्नाला आम्ही गेलो," आत्या म्हणाली, "आणि आहेर याने आणला."

डॉक्टर हसले. गळ्याचा पट्टा काढा, दोन आठवडे दुसऱ्या कुत्र्यांजवळ नेऊ नका, असं सांगून त्यांनी विचारलं, "खायला काय देता?"

"वरणभात, तूप. आमच्या स्वयंपाकाच्या बाई चोरून मटण घालत होत्या, ते आता बंद केलंय."

"अहो, पण हाड नाहीच म्हटलं ना मी."

"आज नसेल. माणूस तर कळला."

तिने पदराने पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढवला. प्रकरण मिटलं.

आत्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिच्या साडीचा तो आवाजही हल्ली मला आठवावा लागतो, आपणहून येत नाही. काळ गेलेल्या माणसाचा चेहरा हळूहळू पुसट करत नेतो. त्याच्यासमोर आपण किती वेळ गप्प उभे होतो, तेवढं मात्र लख्ख ठेवतो. त्या सकाळी दवाखान्यात फिनेलचा वास होता, बाकावर एक मांजर पिशवीतून डोकं बाहेर काढून बसलं होतं, आणि आत्या दाराकडे वळली होती. मी बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले,

"आत्या, सुमनताईंना उद्यापासून बोलव. चिकन मी देत होते. बोनलेस."